जावेच्या परदेशी पट्ट्या

माझ्या जावेवर सूड उगवायचा हे मी ठरवलं तेव्हा माझ्या हातात केरसुणी होती. मे महिना होता आणि मी माळ्यावर झाडायला चढले होते. तिथे आंब्यांची अढी घातलेली होती, भाताच्या गवतात थरावर थर लावून हापूस पिकत ठेवलेला. दरवर्षी अढीवर गोणपाट असायचं. त्या दिवशी गोणपाटाच्या जागी माझ्या आईची गोधडी होती.

आई त्याआधीच्या मार्गशीर्षात गेली होती. तिने शिवलेली ती शेवटची गोधडी. स्वतःची दोन लुगडी आणि माझे लहानपणचे परकर कापून तिने ती माझ्यासाठी केली होती. मी ती घडी करून पेटीत ठेवली होती, अंगावर घ्यायचाही धीर झाला नव्हता. आता तिच्यावर आंब्याचा चीक पडून ठिकठिकाणी करपल्यासारखे काळे डाग उठले होते आणि एका कुजक्या आंब्याचं पाणी मधोमध मुरलं होतं. चिकाचा डाग जात नाही. मी नंतर साबण लावून पाहिला, रिठे लावले, तीन दिवस उन्हात टाकली. नाहीच गेला.

मी गोधडी घेऊन खाली आले. घरापुढच्या खळ्यात आमच्या सासूबाई आणि शेजारच्या चार बायका कोकमासाठी रातांबे फोडत बसल्या होत्या, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. जाऊ मध्ये बसली होती. मी विचारलं, ही पेटीतून कुणी काढली?

"मी," जाऊ म्हणाली. "गोणपाट भिजलेलां, म्हणान ती घातलंय. जुनी तर आसा." मग तिने गोधडीचं एक टोक लाल बोटांनी उचललं आणि बायकांना दाखवलं. "आणि हिचे कोपरे बघा गो. चारय कोपरे चार गावाक जातत. अंगार घेवच्यासारी नायच ती."

बायका हसल्या. सासूबाईही हसल्या. मी हसले नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण भांडता येईना, कारण ती खोटं बोलत नव्हती. कोपरे खरंच वाकडे होते.

हे का ते सांगायला हवं. आमच्याकडे गोधडीचे तुकडे हाताने मोजतात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची एक वीत म्हणजे एक चौकोन, आणि शिवणीसाठी चहूबाजूंनी अर्धं बोट माया सोडायची, म्हणजे जास्तीचं कापड. फूटपट्टी कुणी हातात घेत नाही. एकाच बाईचा हात असल्यामुळे सगळे तुकडे जुळतात, म्हणून एकीची गोधडी दुसरी पुरी करत नाही. आई ती गोधडी शिवत होती तेव्हा संधिवाताने तिची बोटं आखडत चालली होती. पावसाळ्यात कापलेले तुकडे तिच्या जुन्या वितीचे होते, दिवाळीनंतरचे आखडलेल्या वितीचे. एक बाजू रुंद झाली आणि समोरची अरुंद. तिला ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं आणि मी तिला सांगितलं नव्हतं. जावेने नेमकं तेच चार बायकांत टांगलं.

ही जाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. थोरले दीर बोटीवर नोकरीला होते, वर्षातले नऊ महिने समुद्रात. माझे यजमान गावातल्याच शाळेत मास्तर. घर एक, चूल एक. जाऊ देवगडकडची, आंब्यातलं तिला सगळं कळायचं, त्यामुळे अढी तिच्या ताब्यात. हुशार होती, टापटीप होती, तिच्या हातचं माशांचं तिखलं खाऊन पाहुणे बोटं चाटायचे. मी तिच्याबद्दल खोटं वाईट सांगणार नाही. खरं आहे तेवढं पुरेसं आहे.

माझी संधी श्रावणात आली. जिल्हा नवा झाला होता, ओरोसला कचेऱ्या उभ्या राहत होत्या, आणि तिथून गावागावात बायकांसाठी काही ना काही योजना निघत होत्या. आमच्या गावाला शिवणवर्ग मिळाला. शिकवायला गावातलीच एक बाई नेमायची होती. निवड कशी, तर प्रत्येकीने जुन्या कापडाची एक गोधडी शिवून दाखवायची, तिच्यात चौकोन आणि त्रिकोण दोन्ही जोडलेले पाहिजेत, म्हणजे हात किती नेमका आहे ते कळेल. दसरा झाला की ओरोसहून बाई येऊन बघणार होत्या.

ती जागा मला हवी होती. मी मॅट्रिक झाले होते आणि लग्नानंतर सात वर्षं त्या मॅट्रिकचा उपयोग एकच झाला होता: सासूबाईंना पत्रं वाचून दाखवणं. रोज दुपारी दोन तास घराबाहेर पडायचं, कुणीतरी मला बाई म्हणायचं, माझ्या हातात माझा म्हणून पगार यायचा. यापलीकडे मला काही नको होतं. पण जावेनेही नाव दिलं. आणि तिच्याकडे पट्ट्या होत्या.

या पट्ट्यांची आमच्या आळीत मोठी कीर्ती होती. दिरांनी कुठल्याशा परक्या बंदरातून तिच्यासाठी आणलेला तो खास गोधडीचा संच होता. काचेसारखं आरपार दिसणारं जाड प्लास्टिक आणि त्यावर पिवळ्या रेघा. एक लांब पट्टी, एक आखूड पट्टी, आणि चौकोन, त्रिकोण, षट्कोन असे कापायचे साचे, सगळे मिळून अकरा नग. बरोबर इंग्रजी कागद होता, तो कुणालाच वाचता येत नव्हता. माझी इंग्रजी मॅट्रिकची, तिच्यात शिवणकाम नव्हतं. जाऊ तो संच बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि डबा कपाटात, कुलपात. पाहुणे आले की डबा बाहेर यायचा, पाहुणे प्लास्टिकच्या आरपार एकमेकांकडे बघायचे, आणि डबा परत आत जायचा. दोन वर्षांत तिने त्या पट्ट्यांनी एक रुमालही कापला नव्हता.

मी एकदा मागून पाहिला. मागितला नसता तर बरं झालं असतं. "मी कोणाक दिवचंय नाय गो," ती म्हणाली. "रेघ जाता. आणि तुका कित्याक व्हयो? तुज्या आवशीन खंय कदी मोजलेलां?" पुन्हा माझ्या आईवरच आली होती.

त्याच आठवड्यात कळलं की सावंतवाडीच्या बाजारात एका दुकानात अगदी तसाच संच आलाय, गोव्याहून. मला त्या रात्रीपासून दुसरं काही सुचेना. यजमानांना विचारलं. ते वह्या तपासत होते. वर न बघता म्हणाले, "घे व्हयो तर. पण त्या अकरातले किती वापरतलंस तां आधी मोज." मास्तर माणूस, घरातही हिशेबाची उदाहरणं घालायचा. मला राग आला, पण एसटीत बसल्यावर मी बोटांवर मोजायला लागले. लांब पट्टी, हो. चौकोन एक. त्रिकोण एक. पुढे माझी बोटं थांबली. षट्कोनाची गोधडी आमच्याकडे कोण पांघरतं? बस कुडाळला पोचेपर्यंत माझा हिशेब तीनवरच अडला होता. पण खरं सांगायचं तर मी तो संच गोधडीसाठी घ्यायला निघालेच नव्हते. मला तो जावेच्या डब्याशेजारी ठेवायचा होता.

दुकान तळ्याच्या बाजूला, बटणं, लेस, रिळं, बांगड्या असं सगळं विकणारं. दुकानदाराने संच माझ्यापुढे मांडला आणि किंमत सांगितली. ती यजमानांच्या अर्ध्या पगाराएवढी होती. मी म्हटलं, लांब पट्टी आणि हे दोन साचे तेवढे द्या.

"सेट फोडूक येवचो नाय, वैनीनू," तो म्हणाला. "तीन तुमी न्हेलात तर आठ मी कोणाक इकू?"

त्यात एक चंद्रकोरीसारखा वाकडा नग होता. हा कशाला, मी विचारलं. "माका काय ठावक," तो म्हणाला, "टरबूज कापूक असतलां." माणूस प्रामाणिक होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, त्याने मला स्टूल दिलं आणि म्हणाला बसा, बघा, घाई नको.

मी बसले. दिसायला ते सामान फार देखणं होतं हे मान्य केलं पाहिजे. प्लास्टिकमधून खालच्या कापडावरचं फूल दिसायचं, ते बरोबर चौकोनाच्या मध्यावर आणता यायचं. वितीने हे कधी जमणार नाही. लांब पट्टी तर मला फारच आवडली. माझा हात पिशवीतल्या पाकिटाकडे गेलाही होता. मग सहज चाळा म्हणून मी त्रिकोण उचलून चौकोनावर ठेवला. त्रिकोण म्हणजे चौकोन कोनातून कोनात कापला की जो अर्धा उरतो तो. तेव्हा त्याची बाजू चौकोनाच्या बाजूएवढीच असायला हवी. ती नव्हती. तीन सूत, म्हणजे अर्ध्या इंचाला थोडी कमी, इतकी जास्त होती.

आधी वाटलं संच नकली आहे. दुकानदाराने दुसरं खोकं उघडून दाखवलं, त्यातही तसंच. मग मी त्याच्याकडून जुना पेपर मागितला, त्याच्याच कात्रीने दोन्ही साच्यांभोवती कापलं, आणि कागद जुळवत बसले. प्रत्येक साच्याला आतल्या बाजूने एक बारीक तुटक रेघ होती. ती मी आतापर्यंत नक्षी समजत होते. त्या रेघेवर कागद दुमडले. चौकोन आणि त्रिकोण तंतोतंत जुळले.

म्हणजे शिवणीची माया त्या साच्यांत आधीच धरलेली होती. साच्याच्या कडेला लागून कापायचं आणि तुटक रेघेवर शिवायचं, एवढंच. बाहेर काही सोडायचंच नाही. आणि आमच्याकडे तर बाहेर अर्धं बोट सोडल्याशिवाय कात्री चालतच नाही. कोणत्याही बाईला साचा द्या, ती त्याच्याभोवती खडूची रेघ ओढणार, अर्धं बोट बाहेरून कापणार आणि खडूच्या रेघेवर शिवणार. तिच्या आईने तसं केलं, आजीने तसं केलं. तसं केलं की त्रिकोण चौकोनापेक्षा तीन सूत मोठा होणार. एका तुकड्याला तीन सूत म्हणजे काहीच नाही. एका ओळीत दहा तुकडे, अशा बारा ओळी. गोधडी जमिनीवर पसरणारच नाही.

जाऊ हेच करणार होती. मला ते डोळ्यांसमोर दिसलं, तिचा खडू, तिची कात्री, तिचं ते सोडलेलं अर्धं बोट. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. इतका आनंद मला त्याआधी कितीतरी महिन्यांत झाला नव्हता. मी दुकानदाराला म्हटलं, नको, मला परवडत नाही. दुमडलेले कागद तेवढे पिशवीत टाकले.

तिथून चितारआळीत गेले. लाकडी आंबे-केळी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरापुढे कागद ठेवले आणि म्हटलं, असेच्या असे दोन तुकडे पातळ लाकडाचे कापून द्या, दुमडीवर, वर एक सूतही नको. म्हणजे माया माझी मीच सोडणार होते, आमच्या पद्धतीने. ते म्हणाले, "ह्येंचां काय करतलास?" गोधडी, मी म्हटलं. त्यांनी एक आंबा रंगवायला लागतो त्याहून कमी वेळात दोन्ही कापले, पण रोगण चढवल्याशिवाय हातात देईनात. "पावसात फुगतलां, आणि मगे नाव माझां जातलां." मी रोगण वाळेपर्यंत त्यांच्या पायरीवर बसले. माझी घाई संपली होती.

घरी आल्यावर जावेने ते दोन लाकडी तुकडे बघितले. "आंबे-केळी संपली काय थंयची?" ती म्हणाली आणि सासूबाईंना हाक मारून दाखवले. मी म्हटलं, परवडलं तेवढं आणलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते मी तिला मुद्दाम दिलं होतं.

गणपती झाल्यावर तिने डबा उघडला. माजघरात चटई घातली आणि आतून एक बोचकं आणलं. त्यात दिरांचे शर्ट होते. दीर दर सफरीला निघताना अंगातला शर्ट काढून तिच्याकडे ठेवून जायचे आणि नवा घालायचे. तो शर्ट ती धुवायची नाही. तसाच ठेवायची, ते परत येईपर्यंत, आणि नंतरही. हे घरात कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. निळा, पट्ट्यापट्ट्यांचा, पांढऱ्यावर बारीक चौकडी, असे आठ शर्ट तिने चटईवर ओळीने मांडले. मला म्हणाली, गोधडी ओरोसच्या बाईंनी बघून झाली की ती दिरांच्या खाटेवर घालणार. पौषात येतायत ते. असं बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, शर्टांच्या कॉलरी सरळ करत होती.

मग तिने साचे काढले. जाऊ मूर्ख नव्हती हे मी आधीच म्हटलंय. तिनेही त्रिकोण चौकोनावर ठेवला आणि थांबली.

"ह्यो त्रिकोन चौकोनापेक्षा मोठो कित्याक गो? तू सावंतवाडीक गेल्लंस, थंय दुकानदारान काय सांगल्यान?"

सात वर्षांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर तिला येत नव्हतं आणि मला येत होतं. मी भाजी निवडत होते. मी हातातली जुडी बाजूला ठेवली आणि अगदी शांतपणे खोटं बोलले. "तिरक्या कापलेलां कापड शिवताना आटता, वैनी. म्हणान मोठो ठेवतत."

हे खोटं चांगलं होतं, कारण अर्धं खरं होतं. उरेब कापड म्हणजे तिरकं कापलेलं. ते हातात ताणतं, वाकडंतिकडं होतं, हे तिलाही माहीत होतं.

"खरां?"

"खरां."

तिने खडू घेतला. निळ्या शर्टाच्या पाठीवर साचा ठेवला, रेघ ओढली, अर्धं बोट सोडलं आणि कात्री घातली. जास्तीचं कापड छाटता आलं असतं, अजून काहीच बिघडलं नव्हतं, आणि मी सांगू शकत होते. दुसऱ्या शर्टालाही सांगू शकत होते. मी पालेभाजी निवडत राहिले आणि मनात शर्ट मोजत राहिले. आठवा संपला तेव्हा मी उठून भाजी फोडणीला टाकली.

माझी गोधडी मी आईसारखीच हाताने शिवली, धावदोऱ्याने. मापं मात्र लाकडी तुकड्यांनी घेतली. ती काही फार सुंदर झाली नाही. पण सपाट झाली. कोपऱ्यावर कोपरा आला, टोकावर टोक आलं. जाऊ मशीनवर शिवत होती, दार लावून, कुणी बघू नये म्हणून. तिने आधी जोड्या केल्या, मग ओळी केल्या, आणि ओळी एकमेकींना जोडायचं काम शेवटच्या दोन दिवसांवर ठेवलं. त्या दोन दिवसांत मशीनचा आवाज थांबायचा, बराच वेळ काही ऐकू यायचं नाही, मग कापड टरकल्याचा आवाज यायचा. जुनं, घामाने मऊ झालेलं कापड उसवताना फाटतं. मी दाराबाहेरून जाता-येता ऐकत होते. चहा झाला की तिला हाकही मारत होते.

देवळाच्या मंडपात बायका जमल्या. ओरोसच्या बाई दुपारच्या बसने आल्या, चष्मा, हातात फाईल, पायांत बंद चपला. एकेक गोधडी जमिनीवर पसरायला लावून त्या भोवती फिरत होत्या. माझी पसरली तेव्हा त्या वाकल्या, जिथे चार टोकं मिळतात तिथे बोट ठेवलं, आणि म्हणाल्या, "हे कसं मोजलंत?" मी लाकडी तुकडे दाखवले. त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

मग जावेची. ती पसरायचं नाव घेईना. एका बाजूने दाबली की दुसरीकडून वर यायची. मधोमध फुगलेली, कडेला आखडलेली, आणि जिथे तिने उसवून परत शिवलं होतं तिथे शर्ट विरून आतलं अस्तर दिसत होतं. बाईंनी दोन्ही तळव्यांनी मधला फुगवटा दाबून पाहिला आणि विचारलं, "हे कापलं कशाने?" जावेने डबा पुढे केला. बाई म्हणाल्या, "इतकी चांगली साधनं असून?"

मी पाच महिने या क्षणाची वाट बघत होते आणि काय बोलायचं ते मला पाठ होतं. मी पुढे गेले, तिच्या गोधडीचं टोक उचललं, आणि रातांबे फोडायला आलेल्या त्याच बायकांकडे वळून म्हटलं, "चारय कोपरे चार गावाक जातत."

त्या हसल्या. तशाच, तेवढ्याच. जावेचा चेहरा मी नीट बघून घेतला. मला बरं वाटलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला तिथे बरंच वाटतंय, उगाच सोज्वळपणा कशाला करू? नेमणूक मला मिळाली. बाईंनी माझं नाव तिथेच मंडपात वाचलं.

घरी आल्यावर मी दिवाबत्ती केली आणि स्वयंपाकघरात गेले. जाऊ चुलीपुढे बसली होती, मांडीवर ती गोधडी, हातात बारीक कात्री. ती टाके उसवत होती. माझी चाहूल लागली तशी वर न बघता म्हणाली, "तुका ठावक होतां."

"होय."

"कदीपासून?"

"सावंतवाडीक गेल्लंय तेव्हापासून."

तिने एक टाका उसवला, दुसरा उसवला. "कित्याक गो असां केलंस?"

मला वाटलं होतं हे तिला विचारावंच लागणार नाही. मी म्हटलं, माझ्या आईच्या गोधडीसाठी. तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तयार होते. पण ती खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती.

"खंयची गोधडी?"

"अढीवरची."

"ती जुनी?" ती म्हणाली. आणखी काही आठवतंय का ते तिने बघितलं, नाही आठवलं, आणि परत मांडीवरच्या तुकड्यांकडे वळली. "आठ शर्ट होते गो."

"ठावक आसा. मी मोजलंय."

तिने कात्री खाली ठेवली. उठली, पानं घेतली, भात वाढला. जेवून झाल्यावर तिने पट्ट्यांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, वर्गात लागतील. मी नको म्हटलं नाही. पुढे पंधरा वर्षं मी त्या वर्गात शिकवलं आणि नव्या बायकांना पहिल्या दिवशी सांगत आले की साचा विकत घेण्याआधी त्यातले किती वापरणार ते मोजा, आणि माया आत धरलीय की बाहेर ते विचारून घ्या. लांब पट्टी तेवढी रोज वापरली. बाकीचे दहा नग डब्यातच राहिले. चंद्रकोरीचा तुकडा कशाला होता ते मला अजून कळलेलं नाही.

दीर पौषात आले आणि चैत्रात परत निघाले. सामान बैलगाडीत चढवून झालं, सासूबाईंच्या पाया पडून झालं. दर वेळेसारखे ते आत खोलीत गेले आणि थोड्या वेळाने नवा शर्ट घालून बाहेर आले. जुना शर्ट त्यांच्या हातात होता. त्यांनी तो तिच्यापुढे धरला. मी दारात उभी होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, घे गं, घे. तिने तो त्यांच्या हातातून घेतला, नीट घडी केली, आणि तो त्यांच्याच बॅगेत ठेवून दिला.